पत्रा, सांधा आणि अग्निबाण

१९९८च्या मे महिन्यात पोखरणला अणुचाचण्या झाल्या आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात अमेरिकेच्या वाणिज्य खात्याने भारतातल्या संस्थांची एक लांबलचक यादी जाहीर केली. या यादीतल्या कुणाला अमेरिकेतून यंत्रे, सुटे भाग किंवा तंत्रज्ञान विकायचे असेल, तर आधी परवाना काढा, असा तिचा अर्थ होता. मी तेव्हा पुण्यातल्या एका तंत्रनिकेतनात यंत्र अभियांत्रिकी शिकवत होतो. यादीत अणुशक्ती खात्याच्या, इस्रोच्या आणि संरक्षण संशोधनाच्या संस्था असणार हे सगळ्यांनी गृहीतच धरले होते. पण पुढे वाचत गेलो तसा शिक्षकांच्या खोलीत गलका सुरू झाला. तिथे वालचंदनगर इंडस्ट्रीज होती. गोदरेज अँड बॉइस होती. किर्लोस्कर ब्रदर्स होती. म्हणजे साखर कारखान्यांची यंत्रे करणारे, कुलपे-कपाटे करणारे आणि पंप करणारे! आमचे एक सहकारी म्हणाले, "अहो, माझ्या लग्नातलं कपाट आता लपवून ठेवायचं की काय?"

हसून झाले. पण ती यादी मी जपून ठेवली. यातले कुणी अणुभट्ट्यांसाठी काम करत होते, तर कुणी अग्निबाणांसाठी. आपल्याकडच्या शाळेच्या पुस्तकात अवकाशाचा धडा डॉ. विक्रम साराभाईंपासून सुरू होतो आणि उपग्रहाच्या चित्रापाशी संपतो. मधला पत्रा कुणी वळवला, तो सांधला कुणी, याचा पत्ता नसतो. वॉशिंग्टनमधल्या कारकुनांना तो होता.

त्या पत्र्याची आणि सांध्याची गोष्ट आज सांगणार आहे. आधी एक कबुली दिली पाहिजे. मी शिक्षक होण्यापूर्वी काही वर्षे एका वर्कशॉपमध्ये वेल्डची तपासणी करत असे, आणि या इतिहासात माझाही एक अगदी लहानसा, न मिरवण्याजोगा वाटा आहे. तो मी पुढे सांगेन.

केरळमधल्या थुंबा या कोळ्यांच्या गावातून २१ नोव्हेंबर १९६३ रोजी पहिला अग्निबाण उडाला, हे अनेकांना माहीत असते. तो 'नायकी-अपाची' अमेरिकेचा होता, त्यातले उपकरण फ्रान्सचे होते. आपली होती ती जागा, तिथले चर्च आणि माणसे. सायकलच्या कॅरिअरवर अग्निबाणाचा शेंडा ठेवून निघालेल्या तंत्रज्ञांचे छायाचित्र तुम्ही पाहिले असेल. ते पाहून आपल्याला कौतुक वाटते. पण तेवढ्या आकाराचा भाग सायकलवरून नेता येतो आणि संस्थेच्या आवारातल्या शेडमध्ये बनवताही येतो. खरा प्रश्न आला तो उपग्रह वर नेणारा स्वतःचा अग्निबाण करायचे ठरले तेव्हा.

घन इंधनाचा अग्निबाण म्हणजे शेवटी एक नळी. आत रबरासारखे घट्ट बसवलेले इंधन, एका टोकाला झाकण, दुसऱ्या टोकाला नाक म्हणजे नॉझल. पेटल्यावर आत तीन हजार अंशांच्या आसपास तापमान आणि बाहेरच्या हवेच्या पन्नासपटीहून जास्त दाब. नळी जाड केली की ती फुटणार नाही, हे कुणीही सांगेल. पण जाड केली की ती जड होते, आणि जड नळी स्वतःलाच उचलू शकत नाही. म्हणून ती पातळही हवी आणि फुटायलाही नको. एसएलव्ही-३ या आपल्या पहिल्या उपग्रहवाहकाची पहिल्या टप्प्याची नळी एक मीटर व्यासाची होती. पुढच्या पीएसएलव्हीची २.८ मीटर. एवढी नळी, पत्र्याची जाडी मात्र आठ मिलिमीटरच्या आतबाहेर. आपल्या वाड्याच्या दिंडीदरवाजातून न मावणारी ही वस्तू सायकलवरची नव्हे.

ती बनवायची कुठे? डॉ. सतीश धवन १९७२ मध्ये इस्रोचे अध्यक्ष झाले आणि त्यांच्या काळात धोरण पक्के झाले. संशोधन आणि आराखडा आपण करायचा, घडवायचे मात्र देशातल्या कारखान्यांनी. सगळे एका सरकारी कुंपणाआड करण्याचा सोपा रस्ता उपलब्ध होता. तो घेतला नाही, याचे श्रेय धवनांना द्यायला हवे. मग शोध सुरू झाला तो ज्यांच्याकडे मोठे पत्रे वळवायची यंत्रे, मोठे लेथ आणि दाब सोसणारी भांडी सांधणारे वेल्डर आहेत अशांचा. आणि अशी माणसे कुठे असतात? तुमच्यापैकी ज्यांनी साखर कारखाना आतून पाहिला असेल त्यांना उत्तर सांगायला नको. बॉयलर, रस आटवणारी भांडी, व्हॅक्यूम पॅन, सगळा मामला पत्रा वळवून सांधण्याचाच.

वालचंदनगर पुणे जिल्ह्यात, इंदापूर तालुक्यात. शेठ वालचंद हिराचंद यांनी तिथे १९३०च्या दशकात साखर कारखाना उभारला. मूळचे सोलापूरचे हे गृहस्थ रेल्वेच्या बांधकामाची कंत्राटे घेता घेता बोटींच्या, मग विमानांच्या, मग मोटारींच्या धंद्यात शिरले. यंत्रे बिघडली तर विलायतेतून भाग येईपर्यंत गाळप थांबवायचे की काय, या गरजेपोटी अशा ठिकाणी दुरुस्तीचे वर्कशॉप मोठे होत जाते. दुरुस्ती करता करता भाग बनवणे, भाग बनवता बनवता अख्खी यंत्रे बनवणे. वालचंदनगरची यंत्रे देशभरच्या साखर कारखान्यांत गेली. १९७०च्या दशकात इस्रोचे काम तिथे आले आणि उसाच्या फडांनी वेढलेल्या त्या गावात अग्निबाणाच्या नळ्या तयार होऊ लागल्या. मुंबईत पवईला लार्सन अँड टुब्रोनेही हेच काम हाती घेतले.

पत्रा वळवता येत होता म्हणून काम सोपे झाले असे मात्र नव्हे. पीएसएलव्हीसाठी निवडले गेले ते मॅरेजिंग पोलाद. यात कार्बन जवळजवळ नसतोच. त्याऐवजी १८ टक्के निकेल, शिवाय कोबाल्ट आणि मॉलिब्डेनम. याची गंमत अशी की भट्टीत जाण्याआधी ते बऱ्यापैकी मऊ असते. वळवा, कापा, सांधा. मग ४८० अंशांच्या आसपास काही तास मुरवत ठेवले की ते साध्या पोलादाच्या कित्येक पट बळकट होते. लोणचे मुरते तसे, असे मी विद्यार्थ्यांना सांगत असे. हेच पोलाद युरेनियम समृद्ध करणाऱ्या यंत्रांतही लागते, म्हणून ते सहजासहजी कुणी विकत देत नाही. हैदराबादच्या मिश्र धातु निगमने ते इथेच तयार केले.

पण पत्रा कितीही चांगला असला तरी नळी फुटते ती सांध्यापाशी. पत्रा वळवला की दोन कडा जुळवून उभा सांधा घालायचा, मग एकेक कडे दुसऱ्याला जोडत आडवे सांधे. प्रत्येक सांध्याचा एक्स-रे काढायचा, ध्वनिलहरींनी तपासायचा, आणि शेवटी नळीत पाणी भरून दाब देऊन पाहायचा. वेल्डिंग करताना वितळलेल्या धातूवर आरगॉन वायूची शाल पांघरलेली असते. बाहेरची हवा आत शिरली की धातूत बारीक बुडबुडे अडकतात. बाहेरून सांधा आरशासारखा दिसतो आणि फिल्मवर काळ्या मोहऱ्यांची ओळ उमटते.

आता माझा वाटा. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला मी ज्या वर्कशॉपमध्ये होतो, त्याचे नाव घेत नाही. तिथे अशाच एका कामाचे चाचणीचे कडे आले होते. ते पसंत पडले तर पुढचे काम मिळणार होते. मे महिना होता, पत्र्याचे छप्पर तापलेले. आमचे जुने वेल्डर, सगळे त्यांना तात्या म्हणत, रजेवर होते आणि एक तरुण वेल्डर काम करत होता. घामाने त्याचा काचेआडचा चेहरा दिसेनासा झाला होता. मला दया आली. मी कोपऱ्यातला मोठा पंखा ओढून आणला आणि त्याच्या दिशेने लावला. त्याने मानेने आभार मानले. दोघांनीही तो झोत आरगॉनची शाल उडवतो आहे हे लक्षात घेतले नाही. त्याचे सोडा, तो नवा होता. तपासनीस मी होतो.

फिल्मवर हातभर लांबीत बुडबुडे होते. तेवढा भाग कापून पुन्हा सांधता आला असता, पण त्या कामात दुरुस्तीला किती वेळा मुभा आहे हे ठरलेले असते, आणि आमची मुभा आधीच संपली होती. कडे नाकारले गेले. काम दुसरीकडे गेले. साहेब मला एका शब्दानेही बोलले नाहीत, तेच जास्त लागले. तात्या रजेवरून आले, त्यांनी फिल्म उजेडाकडे धरून पाहिली आणि विचारले, "पंखा कुणी लावला?" मी सांगितले. ते म्हणाले, "माणसाला वारा लागतो, सांध्याला नाही. पुढच्या वेळी त्याला तासाभराने उठवून ताक पाजा." पुढची वेळ आली नाही. दोन वर्षांनी मी शिक्षक झालो.

त्यानंतर २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचे चॅलेंजर यान सात अंतराळवीरांसह नष्ट झाले. त्याच्या घन इंधनाच्या नळीचे खंड जिथे एकमेकांत बसतात तिथली रबरी कडी थंडीने ताठरली आणि आतली आग सांध्यातून बाहेर आली. मी वर्गात ती आकृती काढत असताना माझा हात थोडा थरथरला होता. सांध्यात हलगर्जी झाली तर काय होते याचे मोजमाप मला तेव्हा कळले.

आपल्याकडचे अपयश मात्र बहुधा नळीमुळे आले नाही, हे नोंदवले पाहिजे. एसएलव्ही-३चे १० ऑगस्ट १९७९चे पहिले उड्डाण फसले ते एक झडप पुरती बंद न झाल्याने दुसऱ्या टप्प्यातले नायट्रिक आम्ल गळून गेले म्हणून. १८ जुलै १९८० रोजी तेच वाहन ३५ किलोचा रोहिणी उपग्रह घेऊन गेले. पीएसएलव्हीचे २० सप्टेंबर १९९३चे पहिले उड्डाण समुद्रात कोसळले, पण खालची ती २.८ मीटरची नळी तिचे काम चोख करून सुटली होती. वालचंदनगर आणि पवईच्या लोकांना त्या दिवशी काय वाटले असेल याची मला कल्पना आहे. आपला भाग चालला, पण तसे मोठ्याने म्हणता येत नाही.

पीएसएलव्हीच्या दुसऱ्या टप्प्यात द्रव इंधनाचे 'विकास' इंजिन असते, आणि त्याची गोष्ट वेगळीच आहे. १९७४ मध्ये फ्रान्सच्या एसईपी कंपनीशी करार झाला. त्यांचे व्हायकिंग इंजिन शिकायला मिळणार, मोबदल्यात पैसे द्यायचे नाहीत, तर आपल्या अभियंत्यांनी त्यांच्याकडे शंभर मनुष्य-वर्षे काम करायचे. नंबी नारायणन आणि त्यांचे सहकारी फ्रान्सला गेले, काम केले आणि शिकून आले. जुन्या काळी गुरुगृही लाकडे फोडून विद्या मिळवत, तसलाच प्रकार. आपण बनवलेल्या इंजिनाची चाचणी १९८५ मध्ये फ्रान्समध्येच व्हर्नोन इथे यशस्वी झाली.

पण शिकणे वेगळे आणि एकासारखी एक इंजिने काढत राहणे वेगळे. या इंजिनातला पंप मिनिटाला दहा हजारांच्या आसपास फेरे घेतो आणि चाळीस टन इंधन अडीच मिनिटांत संपवतो. ते घडवण्याचे काम विक्रोळीच्या गोदरेजकडे आणि हैदराबादच्या एमटीएआरकडे आले. अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ मध्ये कुलपांपासून सुरुवात केली होती. देशाच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या लोखंडी मतपेट्या विक्रोळीतच बनल्या. कुलूप आणि मतपेटी यांत एक गोष्ट समान आहे, नको त्या वेळी उघडता कामा नये. इंजिनाच्या झडपांनाही तेच लागू पडते. पुढे रशियाने अमेरिकेच्या दबावाखाली १९९३ मध्ये क्रायोजेनिक इंजिनाचे तंत्र द्यायचे नाकारले, तेव्हा उणे २५३ अंशांचा द्रव हायड्रोजन जाळणारे इंजिन इथे करावे लागले. घडवणारे हात पुन्हा हेच. १५ एप्रिल २०१०ला ते अपयशी ठरले आणि ५ जानेवारी २०१४ रोजी जीएसएलव्हीला कक्षेपर्यंत घेऊन गेले.

साखरेचा धागा मी सोडलेला नाही. विकास इंजिनात जळणारे यूडीएमएच हे विषारी, दुर्मिळ इंधन कोण बनवते ठाऊक आहे? आंध्रातल्या तणुकूची 'आंध्र शुगर्स' ही कंपनी. १९८०च्या दशकात इस्रोचे तंत्र घेऊन तिने ते सुरू केले. म्हणजे नळीही उसाच्या गावची आणि तेलही उसाच्या गावचे.

आता थोडे कडू. हे सगळे कारखाने चाळीस वर्षे होते काय? कौतुकाच्या भाषणांत त्यांना भागीदार म्हणत, पण व्यवहारात ते जॉब वर्क होते. आराखडा इस्रोचा, पोलाद इस्रोने दिलेले, तपासनीस इस्रोचा कारखान्यात येऊन बसलेला. कारखान्याने हात द्यायचे. त्यात गैर नव्हते, नाहीतर गुणवत्ता राहिली नसती. पण हिशेब मांडून पाहा. १९९३ ते २००३ या अकरा वर्षांत पीएसएलव्हीची आठ उड्डाणे झाली. वर्षाला एकसुद्धा धड नाही. एवढ्यासाठी भट्टी उभारायची, वेल्डरला वर्षानुवर्षे त्याच एका कामासाठी तयार ठेवायचे, आणि दोन नळ्यांच्या मधल्या काळात त्याने काय करायचे? कुठल्याही मुनिमाने हे काम घेऊ नका असाच सल्ला दिला असता. तो ऐकला गेला नाही. त्यामागे अभिमान होता हे खरे, पण केवळ अभिमान होता असे मी म्हणणार नाही. या कामातून जी शिस्त अंगी आली ती अणुभट्ट्यांच्या, नौदलाच्या कामात विकता आली. इस्रोने या लोकांना आराखडा करायला कधी शिकवले नाही आणि यांनीही तो हट्टाने मागितला नाही, अशी माझी तक्रार आहे. दोघांकडेही बोट दाखवतो.

दार उघडले ते फार उशिरा. २०२० मध्ये खासगी कंपन्यांना अवकाश क्षेत्र खुले झाले. सप्टेंबर २०२२ मध्ये पाच अख्खे पीएसएलव्ही बांधण्याचे ८६० कोटी रुपयांचे कंत्राट हिंदुस्थान एरोनॉटिक्स आणि लार्सन अँड टुब्रो यांच्या जोडीला मिळाले. यातल्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सचे बी १९४० मध्ये बंगळूरला कुणी पेरले होते? वालचंद हिराचंद यांनीच. दोन वर्षांत, युद्ध चालू असताना, सरकारने तो कारखाना आपल्याकडे घेतला. इतिहासात अशी वर्तुळे सापडली की मला उगाच आनंद होतो.

आणि नेमके आताच दुसरे काहीतरी घडते आहे. हैदराबादच्या स्कायरूटने १८ नोव्हेंबर २०२२ रोजी 'विक्रम-एस' उडवला. त्याची नळी पोलादाची नाही, कार्बनच्या धाग्यांची आहे. धागा गुंडाळत जायचा, सांधाच नाही. चेन्नईच्या अग्निकुलने ३० मे २०२४ रोजी श्रीहरिकोटाहून आपला अग्निबाण सोडला. त्याचे इंजिन त्रिमितीय छपाईने एकसंध काढलेले, त्यातही सांधा नाही. पन्नास वर्षे ज्या सांध्यासाठी आमच्या लोकांनी डोळे फोडून घेतले, तो सांधाच नाहीसा करायची ही विद्या. मी अभियंता म्हणून टाळ्या वाजवतो. माणूस म्हणून माझ्या डोळ्यांपुढे तात्या येतात. मोठ्या वाहनांना पोलादी नळ्या अजून लागतात आणि काही वर्षे लागतील. पण आज आयटीआयमध्ये टिग वेल्डिंग शिकणाऱ्या मुलाने निवृत्तीपर्यंत हेच काम धरून बसू नये, असे मी त्याला सांगेन.

१४ जुलै २०२३ रोजी चांद्रयान-३ निघाले तेव्हा मी तात्यांच्या घरी होतो. वय झाले आहे, नजर अधू आहे, टीव्हीच्या अगदी जवळ खुर्ची ओढून बसले होते. वाहनाच्या दोन्ही बाजूंना जे पांढरे जाड खांब दिसतात, ते घन इंधनाचे, ३.२ मीटर व्यासाचे, त्याच मॅरेजिंग पोलादाचे. उड्डाण झाले, घरातली पोरे ओरडली. तात्या काही बोलले नाहीत, बोटांवर काहीतरी मोजत होते. दोन मिनिटे उलटून थोडा वेळ गेला, दोन्ही खांब बाजूला पडले आणि निवेदकाने ते सांगितले, तेव्हा तात्या खुर्चीवरून उठले. यान अजून पृथ्वीच्या कक्षेतसुद्धा पोचले नव्हते. मी म्हटले, "तात्या, अजून बरंच बाकी आहे."

"ते त्यांचं," तात्या म्हणाले आणि चहा टाकायला आत गेले.